उत्तरं पाठ, तरी इंटरव्ह्यू अडतो: सिटिझनशिपच्या तयारीत या चुका टाळा

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लायब्ररीच्या एका खोलीत दर रविवारी दुपारी मी अमेरिकन सिटिझनशिपच्या परीक्षेची तयारी करून घेते. येणारे बहुतेक आईवडिलांच्या वयाचे. कुणी साताऱ्याहून मुलाकडे आलेले, कुणी डोंबिवलीहून लेकीकडे. नऊ वर्षं झाली. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच. म्हणून एकदा सगळं लिहून काढते आहे.

सुरुवात जुन्या यादीपासून. कुणीतरी पास झालेला आपली प्रश्नांची कार्डं पुढच्याला देतो आणि तो ती महिनाभर घोकतो. १०० प्रश्नांची ती यादी २००८ सालची. तुमचा एन-४०० फॉर्म, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, २० ऑक्टोबर २०२५ ला किंवा त्यानंतर दाखल झाला असेल, तर तुमच्यासाठी नवी यादी आहे: १२८ प्रश्न. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. १२ झाले की इंटरव्ह्यू घेणारा ऑफिसर थांबतो, ९ चुकले तरी थांबतो. जुन्या परीक्षेत १० पैकी ६ पुरत. माझ्याकडे कुणी आलं की पहिल्यांदा मी फॉर्मच्या पावतीवरची तारीख बघते, वही नंतर उघडते.

फरक नुसत्या आकड्यांचा नाही. जुन्या यादीत विचारत, राज्यघटनेचे पहिले तीन शब्द कोणते? ‘वी द पीपल’ म्हटलं की झालं. नव्या यादीत ते शब्द प्रश्नातच दिलेत आणि विचारलंय त्यांचा अर्थ काय. इथे पाठांतरवाल्यांची गाडी अडते. खरं तर आपल्याला हे अवघड जाऊ नये. आपल्या राज्यघटनेची उद्देशिका ‘आम्ही, भारताचे लोक’ अशीच सुरू होते. सत्ता राजाकडून आलेली नाही, लोकांनी स्वतःच्या हाती घेतली आहे, हे एकदा मराठीत नीट कळलं की ‘पीपल गव्हर्न देमसेल्व्हज’ हे तीन शब्द आपोआप तोंडात बसतात. मी आधी मराठीत समजावते, मग इंग्रजी उत्तर देते. ‘ताई, तेवढा वेळ नाही, उत्तर सांगा फक्त’ म्हणणारे दर बॅचला दोघे-तिघे असतात. तेच चार महिन्यांनी परत येतात.

आता ज्या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ती. लोकांना वाटतं परीक्षा म्हणजे इतिहास आणि सरकारचे प्रश्न. ते निम्मंच आहे. ऑफिसर तुमचा एन-४०० समोर ठेवून त्यातले प्रश्न विचारतो, आणि तुम्हाला इंग्रजी बोलता-समजतं का, हे तो त्याच गप्पांवरून ठरवतो. फॉर्म मुलाने भरलेला असतो. आईने फक्त सही केलेली असते.

माझ्याकडे एक काकू यायच्या. साताऱ्याकडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या. वय ६१, ग्रीन कार्डाला सात वर्षं. जुन्या यादीतले शंभर प्रश्न त्यांना असे पाठ, की मी आकडा सांगायचा आणि त्यांनी उत्तर. मलाही ते बघून बरं वाटायचं. तिथेच माझंही चुकलं. फॉर्ममधले शब्द मी त्यांच्याकडून एकदाच वाचून घेतले होते.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी त्यांना गाडीने घेऊन गेले. आत फक्त त्या. अर्ध्या तासाने बाहेर आल्या, फाइल छातीशी धरलेली. गाडीत बसून पट्टासुद्धा न लावता त्यांनी सगळं सांगितलं. सहा प्रश्न विचारले, सहाही बरोबर. मग ऑफिसरने विचारलं, “हॅव यू एव्हर क्लेम्ड टू बी अ यू. एस. सिटिझन?” म्हणजे, आपण अमेरिकेचे नागरिक आहोत असं तुम्ही कधी, कुठे सांगितलंय का? काकूंच्या कानावर ‘सिटिझन’ पडलं आणि त्या उत्साहाने म्हणाल्या, “येस, येस.” ऑफिसरने पेन खाली ठेवलं आणि तोच प्रश्न सावकाश विचारला. काकू घाबरल्या, पुन्हा “येस”. मग त्याने विचारलं, “व्हॉट डझ ‘क्लेम’ मीन?” काकू गप्प. पुढे ‘ओथ’ म्हणजे काय, तेही सांगता आलं नाही. भूगोलाच्या बाई, आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारलेल्या. त्या म्हणाल्या, “अगं, मला शब्द ऐकू येत होते, पण हात लागत नव्हता कशालाच.”

सिव्हिक्समध्ये, म्हणजे इतिहास-सरकारच्या प्रश्नांत पास, इंग्रजीत नापास. अशा वेळी राहिलेल्या भागासाठी ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात, आणि एका अर्जावर एकूण दोनच संधी मिळतात. त्या दिवसांत आम्ही यादी हातात घेतलीच नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास फोनवर मी ऑफिसर, त्या उमेदवार. ‘अरेस्टेड’, ‘डिपोर्टेड’, ‘अलीजन्स’ (निष्ठा), ‘बेअर आर्म्स’ (शस्त्र हाती घेणं). प्रत्येक शब्दाला त्यांनी स्वतःचं दोन-चार शब्दांचं इंग्रजी वाक्य बनवलं. ओथ म्हणजे ‘अ सीरियस प्रॉमिस’. क्लेम म्हणजे ‘टू से समथिंग इज ट्रू’. दुसऱ्या खेपेला तोच प्रश्न आला तेव्हा त्या म्हणाल्या, “नो. आय अ‍ॅम इंडियन सिटिझन. आय हॅव ग्रीन कार्ड.” व्याकरणाला कुणी हात लावला नाही. पास झाल्या.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिल्या रविवारी यादी उघडतच नाही. पहिलं वाक्य शिकवते ते, “सॉरी, आय डोन्ट अंडरस्टँड. प्लीज से इट अनदर वे.” असं म्हणायला पूर्ण मुभा आहे, त्यात कमीपणा नाही. आपल्या माणसांना मोठ्या साहेबासमोर ‘कळलं नाही’ म्हणणं जड जातं आणि मान डोलावणं सोपं वाटतं. त्या मान डोलावण्यानेच घात होतो.

दुसरी मला फार खटकणारी चूक म्हणजे भारतातली पदं इथल्या पदांवर चिकटवणं. ‘गव्हर्नर म्हणजे राज्यपाल’ असं वहीत लिहिलेलं दिसलं की मी खोडायला लावते. आपल्याकडे राज्यपालाला राष्ट्रपती नेमतात. इथला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्याचा कारभार चालवतो. कामाने तो मुख्यमंत्र्याच्या जवळचा. सेनेटला राज्यसभा म्हणतात, मुदतही दोन्हीकडे सहा वर्षांचीच, त्यामुळे गोंधळ पक्का होतो. पण राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. सेनेटमध्ये कॅलिफोर्नियाचे २ आणि इवल्याशा लोकसंख्येच्या वायोमिंगचेही २. म्हणून ५० राज्यांचे १००. हा हिशेब कळला की आकडा वेगळा पाठ करावा लागत नाही. लोकसंख्येप्रमाणे जागा मिळतात त्या दुसऱ्या सभागृहात, हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये, तिथे ४३५ जण आणि मुदत दोन वर्षांची.

नावांची उत्तरं मात्र आदल्या आठवड्यात पुन्हा तपासायची. इंटरव्ह्यूच्या दिवशी त्या पदावर जो असेल, तेच बरोबर उत्तर. आमच्या न्यू जर्सीत २०२४ च्या ऑगस्ट ते डिसेंबरात सेनेटच्या एकाच जागेवर तीन माणसं झाली: बॉब मेनेंडेझ, मग जॉर्ज हेल्मी, मग अँडी किम. त्या काळात छापील कार्डावर विसंबणाऱ्यांना मी अक्षरशः दर रविवारी नाव बदलून दिलं.

एकेका प्रश्नाला दिलेली सगळी पर्यायी उत्तरं पाठ करू नका. जीभ सहज वळेल ते एक निवडा आणि तेच धरा. लिबर्टीचा पुतळा कुठे, तर ‘न्यू यॉर्क हार्बर’, संपलं. जिथे जास्त नावं मागितलीत तिथे रस्ता आठवा. मूळ १३ राज्यांपैकी नव्या यादीत पाच विचारतात. डेलावेअर, पेन्सिल्व्हेनिया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेटिकट: आमच्याकडच्यांनी गाडीतून पाहिलेलीच आहेत सगळी.

प्रश्न क्रमाने पाठ करणं बंद करा. कार्डं पिसा.

लिहायची परीक्षा बहुतेक टॅब्लेटवर, पेनसारख्या कांडीने असते. घरी नातवाच्या टॅब्लेटवर दहा वेळा लिहून बघा. तीनपैकी एक वाक्य नीट आलं की पुरे. ‘फेब्रुवारी’तला मधला ‘आर’ राहिला तरी अर्थ कळला तर चालतं. शब्दाचा संक्षेप करून लिहिलेला चालत नाही.

वयाची सवलत न तपासताच लोक वर्षभर इंग्रजीशी झगडतात. अर्ज करताना वय ५० आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं, किंवा ५५ आणि १५ वर्षं झाली असतील, तर इंग्रजीची परीक्षा माफ. दुभाष्यासह मराठीत उत्तरं देता येतात. ६५ आणि २० वर्षं असतील तर वर यादीही वीसच प्रश्नांची, १० विचारतात, ६ लागतात. आमच्या काकू यातल्या कशातच बसत नव्हत्या.

तरुण नोकरदारांची चूक वेगळी. इतिहासाचं त्यांना भय नसतं, पण पाच वर्षांतल्या परदेशवाऱ्यांच्या तारखा अंदाजाने टाकतात. पासपोर्टावरचे शिक्के घेऊन बसा, प्रत्येक वारीच्या तारखा लिहा. सलग सहा महिने किंवा जास्त बाहेर राहिला असाल, किंवा गाडीच्या लायसन्सच्या वेळी चुकून मतदार म्हणून नाव नोंदलं गेलं असेल, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला गाठा. इथे शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नका, माझाही नको.

आणि पास झालात म्हणजे नागरिक झालात असं नाही. शपथ होईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डवालेच. समारंभाला जाताना एक फॉर्म भरायचा असतो, त्यात इंटरव्ह्यूनंतर कुठे प्रवास केला का, दंड झाला का, असं विचारतात. शपथ झाली की भारताचं नागरिकत्व संपतं, मग जुन्या पासपोर्टावर मुंबईचं तिकीट काढू नका. तो आधी परत करा, ओसीआयचा (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया कार्डाचा) अर्ज टाका, लग्नसराईची तिकिटं त्यानंतर.