वर्गाध्यापनाचा अभ्यास: आकडे आणि मुलाखती जोडताना या चुका टाळा

एम.एड.च्या प्रबंधात ‘संमिश्र पद्धती’ म्हणजे बहुतेकदा चौथ्या प्रकरणात आकडे आणि पाचव्यात मुलाखती. दोघांची भेट होते ती थेट निष्कर्षात, तीही ओझरती. ती निरीक्षणाच्या वहीतच व्हायला हवी.

फ्लँडर्सच्या आंतरक्रिया विश्लेषणात (वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी काय बोलतात हे ठरावीक क्रमांकांनी नोंदवण्याची पद्धत) १० प्रवर्ग असतात आणि दर ३ सेकंदांना एक नोंद होते. ४० मिनिटांच्या तासाला सुमारे ८०० नोंदी. आता शिक्षक विचारतात, “समजलं का?” नोंद ४, प्रश्न. वर्ग एका सुरात “हो सऽऽर!” नोंद ८, विद्यार्थ्याचा प्रतिसाद. असं वारंवार झालं की विद्यार्थी-बोलण्याची टक्केवारी फुगते, पण कुणाला काय समजलं हे कळतच नाही. म्हणून नोंदींशेजारी मिनिटवार क्षेत्रटिपण ठेवा. प्रवर्ग ४ आणि ८ चे पोटभाग (सामूहिक होकार, विचार करून दिलेलं उत्तर) पथदर्शी अभ्यासातच, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीतच, ठरवा. मधेच बदलले तर आधीचे तास वाया.

“दोन निरीक्षकांत ८४ टक्के एकमत” एवढ्यावर खूश होऊ नका. १०० नोंदींपैकी दोघांनीही ९० ‘शिक्षक’ आणि १० ‘विद्यार्थी’ धरल्या, तर योगायोगानेच ८२ टक्के जुळणी अपेक्षित असते. कोहेनचा ‘कप्पा’ (kappa), म्हणजे योगायोगाची जुळणी वगळून मोजलेलं एकमत, काढा: (०.८४ − ०.८२) ÷ (१ − ०.८२), म्हणजे जेमतेम ०.११. अशा वेळी प्रवर्गांच्या व्याख्या दोघांनी पुन्हा बसून घासायच्या.

नमुन्याचा घोळ तर सर्रास. ४ वर्ग, प्रत्येकी ४० मुलं, की लगेच ‘एन (नमुन्याचा आकार) = १६०’. एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. वर्गांतर्गत सहसंबंध (एका वर्गातल्या मुलांचे गुण एकमेकांशी किती मिळतेजुळते) ०.२ असेल तर रचना-परिणाम, म्हणजे नमुना ज्या आकड्याने भागायचा तो, १ + ३९ × ०.२ = ८.८, परिणामकारक नमुना उरतो साधारण १८. आणि शिक्षक चारच! वर्गातली मुलं वाढवून फारसं साधत नाही, वर्ग वाढवा.

मुलाखतीला जो भेटेल तो शिक्षक घेऊ नका. आकडे हाती आल्यावर निवडा: गुणवाढ जास्त असलेला, कमी असलेला आणि निरीक्षणात उत्तम पण गुणवाढ नसलेला. हा तिसराच संशोधकाला सगळ्यात जास्त शिकवतो. मुलाखत शक्यतो त्याच दिवशी, ध्वनिमुद्रणातला तुकडा ऐकवून घ्या. आठवड्याने विचारलंत तर पाठ्यपुस्तकी उत्तरं मिळतात.

शेवटी एकच तक्ता: ओळीला एक शिक्षक, रकाने गुणवाढ, प्रवर्गांची टक्केवारी, मुलाखतीतलं वाक्य, मेळ की विसंगती. “मी मुलांना बोलतं करतो” या वाक्याशेजारी विद्यार्थी-बोलणं ९ टक्के असेल, तर कुठलाच रकाना खोडू नका. त्या तासाचं टिपण उघडा.