गाडी अडवल्यावर पोलिसांना उत्तरे देताना या चुका टाळा

पुण्यात नळ स्टॉपला किंवा टिळक चौकात वाहतूक पोलिसांनी हात दाखवला की अनेक वाहनचालकांचा एक उलटा गोंधळ होतो: जे दाखवणे कायद्याने बंधनकारक आहे त्यावर ते वाद घालतात आणि जे सांगण्याची सक्ती नाही ते घाबरून सांगून टाकतात. माझ्या मते बहुतेक कटकटी इथूनच सुरू होतात.

पोलीस दिसताच गाडी गल्लीत वळवू नये. ती डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

"आधी माझा गुन्हा सांगा, मग लायसन्स दाखवतो," हे वाक्य तर मुळीच उच्चारू नये. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 130 नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने लायसन्स दाखवलेच पाहिजे. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपमधील लायसन्स आणि आरसी (गाडीचे नोंदणीपत्र) चालते. मात्र मोबाइलमध्ये काढून ठेवलेला कागदाचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे, हे अनेकांना चौकात उभे राहिल्यावर कळते.

कागदपत्रांनंतरचे प्रश्न वेगळ्या जातीचे असतात. "वेग किती होता?", "सिग्नल दिसला नाही का?" असे विचारल्यावर "साठ-सत्तर असेल, साहेब, घाई होती" असे उत्तर देणारा माणूस स्वतःच्या तोंडाने चूक मान्य करतो. संविधानाच्या अनुच्छेद 20(3) नुसार गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. म्हणून नाव-पत्ता खरा सांगावा आणि पुढे शांतपणे म्हणावे, "साहेब, आपल्याला योग्य वाटेल ती कारवाई करा, त्याबद्दल मला आत्ता काही बोलायचे नाही." गप्प राहणे आणि खोटे बोलणे यांत मोठे अंतर आहे. आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे किंवा चुकीची देणे हा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 179 खाली गुन्हा आहे, त्यामुळे भावाचे नाव पुढे करणे किंवा नसलेला रुग्ण दवाखान्यात पोहोचवणे, हे दंड वाचवण्याच्या नादात नवे संकट ओढवून घेणे आहे.

गप्प राहण्याचा हा मार्ग रात्रीच्या नाकाबंदीत श्वासचाचणीला लागू पडत नाही. योग्य कारणाशिवाय चाचणीला नकार दिल्यास तो नकारच कलम 205 नुसार खटल्यात चालकाविरुद्ध धरला जाऊ शकतो, आणि मद्यप्राशनाचा संशय असल्यास वॉरंटशिवाय अटकही होऊ शकते. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावणे किंवा पोलिसांच्या हातून किल्ली हिसकावणे, यांमुळे साधे चलन विनाकारण चिघळते. अंगावर धावून गेल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 132 (सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ला) पर्यंत प्रकरण जाऊ शकते. कारवाई चुकीची वाटत असेल तर रस्त्यावर भांडण्याऐवजी ई-चलनाचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण टिपून घ्यावे, कारण चलनाला नंतर रीतसर आव्हान देता येते. पावतीशिवाय रोख पैसे मात्र कधीही देऊ नयेत. लायसन्स जप्त केले गेले, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 206 नुसार तात्पुरती पोच मागून घ्यावी. लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा त्या पोचेवर नमूद केलेल्या मुदतीपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येते.