स्विच स्टॅक करताना आधी प्रायॉरिटी, मग केबल

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० मालिकेतले तीन नेटवर्क स्विच स्टॅक करायला, म्हणजे जोडून एकच स्विच असल्यासारखे चालवायला, स्टॅक केबलही तीनच लागतात. एकाखाली एक बसवले तर अर्ध्या मीटरच्या पुरतात, मध्ये पॅच पॅनेल (नेटवर्क केबल जोडायची पट्टी) असेल तर एक मीटरच्या घ्या. ९३००एल मात्र ९३०० बरोबर स्टॅक होत नाही, म्हणून ऑर्डर देण्यापूर्वी मॉडेलचं पूर्ण नाव वाचा.

आधी प्रत्येक स्विच सुटा चालू करून कन्सोलवर (थेट केबलने जोडून कमांड द्यायच्या स्क्रीनवर) आयओएसची, म्हणजे स्विचच्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती आणि लायसन्स सारखं आहे का ते बघा. आवृत्ती जुळली नाही तर तो स्विच ‘व्ही-मिसमॅच’ दाखवतो आणि स्टॅकमध्ये नीट येत नाही. वापरलेला स्विच असेल तर जुनं कॉन्फिगरेशन पुसून टाका.

आता खरं काम. स्टॅकमध्ये एकच स्विच ‘ॲक्टिव्ह’, म्हणजे बाकीच्यांना चालवणारा असतो; ज्याची प्रायॉरिटी जास्त, तो निवडला जातो. मुख्य स्विचवर ‘स्विच १ प्रायॉरिटी १५’ द्या, दुसऱ्यावर १४. सुटा असताना नवा स्विच स्वतःला १ च समजतो, म्हणून दुसऱ्यावरही कमांडमध्ये ‘स्विच १’ च येतं. हे टाळलंत तर सगळ्यांची प्रायॉरिटी १ राहते, आणि सर्वांत लहान मॅक ॲड्रेसवाला (हार्डवेअर पत्त्याचा) स्विच ॲक्टिव्ह होतो. तो कोरा निघाला तर त्याचंच कोरं कॉन्फिगरेशन सगळ्यांवर बसतं आणि व्हीलॅन (नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) गायब होतात.

पुण्याजवळच्या भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, त्यामुळे डाउनटाइम बहुधा तेव्हाच मिळतो. पण महावितरणची देखभालही गुरुवारीच असते. कामाच्या मध्येच वीज गेली तर परतल्यावर सगळे स्विच एकदम बूट होऊन ॲक्टिव्हची पुन्हा निवड करतात, म्हणून प्रायॉरिटी आधीच देऊन ठेवा.

सगळे बंद करून केबल लावा: पहिल्याचा स्टॅक १ दुसऱ्याच्या २ ला, दुसऱ्याचा १ तिसऱ्याच्या २ ला, तिसऱ्याचा १ परत पहिल्याच्या २ ला. दोन्ही स्क्रू बोटांनीच, समान आवळा. कनेक्टर तिरका बसला की लिंक येते-जाते. शेवटची केबल राहिली तरी स्टॅक चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बँडविड्थ मात्र ४८० गिगाबिटवरून २४० वर येते, आणि आणखी एक केबल सुटली की स्टॅकचे दोन तुकडे होतात, दोघांचा आयपी एकच.

दोन मिनिटांच्या आत सगळे चालू करा. ‘शो स्विच’ मध्ये तिन्ही ‘रेडी’ आणि ‘शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी’ मध्ये सहाही पोर्ट ‘ओके’ दिसले पाहिजेत. मग पिंग (स्विच उत्तर देतो का ते तपासणारी कमांड) चालू ठेवून एक केबल काढून बघा.

पुढे चौथा स्विच जोडताना तो बंद ठेवूनच केबल लावा. चालू असताना जोडला तर निवड पुन्हा होते आणि हरलेली बाजू रीलोड होते. प्रायॉरिटी चुकली असेल तर ती हरलेली बाजू म्हणजे तुमचा चालू स्टॅकच असेल.