केगावला शिकायला येताय? मग 'कमवा आणि शिका'बद्दल थोडं

प्रवेशाचे दिवस आले की करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा सगळ्या तालुक्यांतून मुलंमुली पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात एमए, एमएस्सीला येतात. खोली मिळाली, मेस ठरली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "दादा, इथं काही काम मिळेल का?" मिळतं. पण ते आधी विद्यापीठाच्या आवारात, शिकता शिकता तासावर काम देणाऱ्या 'कमवा आणि शिका' योजनेत शोधा, गावात नंतर.

शहरात कामाला तोटा नाही, हे खरंच आहे. सोलापूर गणवेश शिवणाऱ्यांचं गाव. शाळा उघडण्याआधी गारमेंटवाल्यांना घड्या घालायला, पॅकिंगला माणसं कमीच पडतात. लग्नसराईत केटरिंगला वाढपी लागतात आणि पैसे रोख हातात पडतात. अडचण अंतराची आहे. विद्यापीठ शहराबाहेर केगावला, पुणे महामार्गावर. रात्री शेवटची पंगत उठल्यावर केगावला यायचं कशानं? आलात तरी सकाळच्या तासाला डोळे उघडे राहत नाहीत. महिनाभर हे चाललं की हजेरी घसरते, मग परीक्षेच्या तोंडावर विभागप्रमुखांपुढे उभं राहायची पाळी येते. आवारातलं काम दोन तासिकांच्या मधल्या वेळात बसतं. मला तरी त्याची सगळ्यात मोठी किंमत हीच वाटते.

या योजनेकडे गरिबांसाठीची मदत म्हणून पाहू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' म्हणत. काम करून शिकण्याची ही वाट त्यांनीच महाराष्ट्राला घालून दिली. तिच्यावरून चालताना मान खाली घालायचं काही कारण नाही. माझ्या वर्गात काही जण नोटीस बोर्डापुढे उभं राहायलाही लाजायचे, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

अर्जाची चौकशी विद्यार्थी विकास विभागात करा. साधारणपणे फी भरल्याची पावती, ओळखपत्र, आधार, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि आपल्या विभागाची शिफारस लागते. अडतं ते दाखल्यापाशी. त्याची मुदत 31 मार्चला संपते, त्यामुळे गेल्या वर्षीचा चालत नाही. गावाकडून निघायच्या आधीच तहसीलमधून नवा काढून घ्या, नाहीतर त्या एका कागदासाठी परत सांगोल्याची एसटी धरावी लागते. बँक खातं बंद पडलेलं नाही ना, तेही पाहून घ्या.

काम कुठलं मागायचं? मी ग्रंथालय मागितलं आणि आजही प्रत्येकाला तेच सांगतो. काम दिसायला साधं: परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. पण पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा नंबर वाचता यायला हवा. 330.15 आणि 330.9 यांत आधी कोणतं? नवीन मुलगा पंधरा मोठे म्हणून 330.9 आधी ठेवतो. हे दशांश आहेत; .15 लहान, .9 मोठा, म्हणून 330.15 आधी. तिथल्या मामांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाळा, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक हरवल्यातच जमा." मराठी साहित्य 891.46 ला, कन्नड 894.814 ला, तेलुगू 894.827 ला. आपल्या गावात घराघरांत बोलल्या जाणाऱ्या या भाषा कपाटात कुठं बसतात, ते हाताला पाठ होतं. आणि खरा फायदा पुढं आहे. प्रबंधाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा आपल्या विषयावर ग्रंथालयात काय आहे, काय नाही, हे मला कॅटलॉग न उघडता ठाऊक होतं.

ऑफिसचं काम मिळालं तर आवक-जावक रजिस्टर, फायलिंग, संगणकावर याद्या भरणं असं असतं. ज्यांना लिपिकाच्या परीक्षा द्यायच्या आहेत त्यांनी ते आवर्जून घ्यावं. तिथं मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट टायपिंगचं प्रमाणपत्र लागतं, आणि रोजच्या याद्यांनी हाताला वळण लागतं. प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं, लेबलं लावणं. विज्ञानवाल्यांना ते सोयीचं. बागकाम मिळालं तर सकाळची वेळ मागून घ्या. एप्रिलमध्ये दुपारी बाराला इथं उघड्यावर उभं राहवत नाही.

पैशाचं मात्र आधीच समजून घ्या. मानधन तासावर असतं. हजेरीपत्रकावर रोज सही, महिनाअखेर विभागप्रमुखांची सही, मग बिल पुढं सरकतं. एका जरी सहीसाठी कागद अडला तरी पैसे लांबतात. म्हणून मेसचं बिल या पैशांच्या भरवशावर ठेवू नका. घरून थोडी सोय करून या आणि हे पैसे पुस्तकं, परीक्षा शुल्क, प्रवास यांसाठी धरा. स्वतःच्या वहीत तारीख आणि तास लिहीत चला. पत्रकात एखादा दिवस राहिला तर सरांना वही दाखवता येते, ते लगेच दुरुस्त करून देतात.

एवढ्यावर भागत नसेल तर जोडीला दहावीच्या एकदोन मुलांची शिकवणी धरा. जवळपासचीच धरा, आणि मुलींनी संध्याकाळी परतीची बस किंवा शेअर रिक्षा कुठवर मिळते हे पाहूनच वेळ ठरवावी. विषय पक्का होतो आणि पैसेही दर महिन्याला हातात येतात.

परीक्षेआधी तास कमी करून मागा. वेळेत सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही. आणि वर्ष संपताना, सुट्टीला गावी जायच्या आत, ज्या विभागात काम केलं तिथून अनुभवाचा दाखला लेटरहेडवर घ्या. कामाचं स्वरूप आणि कालावधी दोन्ही त्यात लिहून घ्या.