आवाज क्लचचा का गिअरबॉक्सचा, हे गाडी न खोलता कसं ओळखायचं

"नवीन क्लच प्लेट टाकली तरी आवाज आहेच" हे इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता कोणी गाडी घेऊन आला की मी पहिले हेच विचारतो, भाऊ, खोलायला सांगितलं कोणी? आणि हलक्या स्पोर्ट्स गाड्यांचं तर विचारूच नका. फायबर बॉडीची जुनी सॅन स्टॉर्म घ्या नाहीतर बाहेरून आणलेली माझदा एमएक्स-5, या गाड्यांत आवाज अडवायला फारसं काही नसतंच, त्यामुळे जो आवाज सेडानमध्ये कानापर्यंत येतच नाही तो इथे डोकं खातो. म्हणून आवाज किती मोठा आहे हे सोडून द्या. तो कधी सुरू होतो आणि कधी बंद होतो, तेवढंच बघायचं.

पहिले इंजिन बंद ठेवून क्लच चार-पाच वेळा दाबा. चूं-चूं इथेच आली तर पेडलचं बुश नाहीतर फोर्कचा (क्लच ढकलणाऱ्या दांड्याचा) पिव्हट कोरडा पडलाय, विषय संपला. एक्झॉस्टची हीट शील्ड, गिअर लिव्हरचं बुश, इंजिन माउंट हेपण हात लावून हलवून बघा, यातली एखादी सैल गोष्ट गिअरबॉक्सचा आवाज म्हणून खपून जाते.

मग गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकाला विटा लावलेल्या, समोर कोणी उभं नाही, इंजिन चालू. एकदा सकाळी थंड गाडीवर आणि एकदा तासभर फिरवून आणल्यावर. आपल्या इकडे मे महिन्यात 45 डिग्रीत गिअर ऑईल पाण्यासारखं पातळ होतं आणि सकाळी गप्प असलेला बॉक्स दुपारी खडखडायला लागतो, त्यामुळे एकाच वेळी ऐकून निकाल देऊ नका.

आता खरी भानगड. गाडी न्यूट्रलमध्ये आहे, पाय क्लचवर नाही, आणि आवाज येऊन राहिला. क्लच दाबला, आवाज बंद. एवढं ऐकलं की मिस्त्री लगेच सांगतो, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं. त्याचं लॉजिक चूक नाही. पाय वर असताना इनपुट शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा, इंजिनसोबत फिरतो, त्याच्यासोबत लेशाफ्ट, म्हणजे बॉक्समधला त्याच्या शेजारचा गिअरवाला दांडा, तोही फिरतो, आणि क्लच दाबला की दोन्ही थांबतात. पण ही अर्धीच गोष्ट आहे आणि या अर्ध्या गोष्टीवर लोकांचे चांगले बॉक्स खोलले जातात. मलाही इथेच सगळ्यात जास्त घोळ व्हायचा, कारण "दाबला की बंद" एवढंच बघत होतो, किती दाबल्यावर बंद हे कोणी सांगितलंच नव्हतं.

बऱ्याच गाड्यांत रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांना कायम हलकं टेकलेलं असतं. ते झिजलं किंवा त्याच्यावरचा ताण कमी पडला की ते जागच्या जागी थरथरतं आणि किरकिर करतं, पेडलला नुसता पाय टेकवला की नीट बसतं आणि गप्प होतं. आता विचार करा, पेडल जेमतेम एक सेंटीमीटर गेलंय, क्लच अजून सुटलेलाच नाही (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडलेलेच आहेत), म्हणजे इनपुट शाफ्ट पहिल्यासारखाच फिरून राहिला. मग त्याचं बेअरिंग गप्प कसं होईल? तो आवाज गिअरबॉक्सचा नाहीच. याउलट पेडल अर्धं गेलं तरी घरघर तशीच आणि क्लच सुटतो त्या जागेच्या पुढे गेल्यावर विरली, तर मात्र इनपुट शाफ्ट किंवा लेशाफ्टच्या बेअरिंगवर बोट ठेवा.

क्लच सुटतो ती जागा न्यूट्रलमध्ये कळत नाही. त्यासाठी हँडब्रेक घट्ट ओढून, ब्रेक दाबून पहिला गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा, जिथे आरपीएम पडायला लागतो ती जागा धरा. सीटच्या पुढच्या कडेपासून पेडलपर्यंत एक पट्टी लावा आणि तिथे चिकटपट्टीने खूण करा. मग न्यूट्रल करून, मित्राला हाताने पेडल दाबायला लावून, पट्टी बघत बघत ऐका. पायाने नका करू, बुटातून एक सेंटीमीटर आणि तीन सेंटीमीटर सारखंच वाटतं.

अजून एक गडबड. घरघर नसून सुटे दाणे डब्यात हलवल्यासारखी खडखड असेल, आणि आयडलच्या थोडं वर, हजार-बाराशे आरपीएमला नेल्यावर निघून जात असेल, तर ते बेअरिंग नाही. बिनलोडचे गिअर एकमेकांना थापटतात त्याचा तो आवाज. बेअरिंगची घरघर आरपीएमसोबत वाढते, ही खडखड विरते. हलकं फ्लायव्हील (इंजिनला लावलेलं वजनाचं चाक) टाकलं असेल तर हे होणारच, कारण इंजिनचे झटके गिळायला वजनच ठेवलं नाही. सरळ दातांचे रेसिंग गिअर टाकले असतील तर कुईं आवाजही येणारच. हौस आहे, ऐकून घ्या.

उलटा प्रकार, म्हणजे क्लच पूर्ण दाबल्यावर आवाज सुरू होतो. रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या बाजूला धरणारं). फरक असा: क्लच दाबून न्यूट्रलमध्ये थांबा. दाबल्या दाबल्या आवाज आला आणि गिअर टाकला तरी तसाच राहिला तर रिलीज. काही सेकंदांनी हळूहळू चढला आणि पहिला टाकताच स्पष्ट झाला तर पायलट, कारण गिअर टाकला की इनपुट शाफ्ट एकदम थांबतो, इंजिन फिरत राहतं आणि त्या फरकावर पायलट ओरडतं. पण पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या बऱ्याच गाड्यांत पायलट बेअरिंग नसतंच. तुमच्या गाडीत आहे का ते आधी बघा, नाहीतर नसलेला पार्ट शोधत फिराल.

आता चालत्या गाडीत. सिमेंट रोडवर ऐकायला जाऊच नका, आपल्या शहरात अर्धे लोक टायरच्या आवाजाला गिअरबॉक्स समजतात. रिंग रोडचा एखादा रिकामा डांबरी पट्टा पहाटे पकडा. पन्नासच्या आसपास न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा. आवाज तसाच राहिला तर व्हील बेअरिंग, टायर नाहीतर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर). एकाच गिअरमध्ये रडत असेल तर त्या गिअरचे दात. मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या एमएक्स-5 च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये चौथा 1:1 आहे, म्हणजे ताकद सरळ आरपार जाते, लेशाफ्टवर लोड येतच नाही. बाकी गिअरात आवाज आणि चौथ्यात शांतता असेल तर संशय लेशाफ्टवर घ्या. पुढच्या चाकांच्या गाडीत हा हिशोब चालत नाही.

गिअर टाकताना करकर येते? क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, केबल किंवा हायड्रॉलिक बघा, सिंक्रोला, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगला, दोष देऊ नका. रिव्हर्स गुपचूप गेला आणि फक्त दुसरा करकरतो, डबल क्लच मारला (मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबला) की नीट जातो, तर सिंक्रो.

मग गिअरबॉक्सचं ऑईल काढा. आधी भरायचा बोल्ट खोला, मगच ड्रेनचा. भरायचाच जाम निघाला तर रिकामा बॉक्स घेऊन बसाल. बोटावर ऑईल घेऊन उन्हात धरा: सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ, प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लेप असेल तर चालतं, बोटात टोचणारी चंदेरी कपची निघाली तर बेअरिंग किंवा दात. नवीन ऑईल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. दुकानदार म्हणेल जीएल-4 च्या जागी जीएल-5 (हे गिअर ऑईलचे ग्रेड) टाका, भारी असतं. ते टाकू नका, काही बॉक्समध्ये सिंक्रोला ते जास्त निसरडं पडतं.

आणि एवढं सगळं करून बॉक्स उतरवायचाच ठरला, तर एकटं रिलीज बेअरिंग बदलून परत चढवू नका. मजुरी उतरवण्या-चढवण्याची आहे, म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, असेल तर पायलट आणि क्रँकचं मागचं ऑईल सील एकाच वेळी. नवीन बेअरिंग बसवायच्या आधी कानाजवळ धरून बोटाने फिरवा, खरखर लागली तर दुकानातच परत करा. इनपुट शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसल्यासारखं लावा, जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं आणि नवीन क्लच पहिल्या चढावरच घसरतो.