शाकुहाचीची पारंपरिक स्वरलिपी कशी वाचावी

शाकुहाची ही जपानची उभी धरून वाजवायची बांबूची बासरी. तिच्या स्वरलिपीतील प्रत्येक अक्षर ही बोटांना दिलेली सूचना असते, म्हणून ते वाचताना आधी भोके आठवावीत आणि स्वराचे नाव नंतर.

पान उजव्या वरच्या कोपऱ्यापासून खाली वाचावे आणि ओळ संपली की तिच्या डावीकडची ओळ घ्यावी. अक्षरे कताकाना या जपानी लिपीतली असतात. चौकटीसारखे दिसणारे ‘रो’ आले की पुढची चार आणि मागचे अंगठ्याचे एक अशी पाचही भोके झाकावीत. दोन छोट्या रेघा व एक लांब वळणदार फराटा असलेल्या ‘त्सु’ला सर्वांत खालचे भोक उघडावे, तर बरोबरच्या खुणेसारख्या ‘रे’ला खालची दोन. पुढे ‘चि’ आणि ‘रि’ येतात. तोझान या वादनपरंपरेत ‘रि’ऐवजी ‘हा’ लिहितात. सुमारे ५४.५ सेंटिमीटरच्या प्रचलित बासरीवर ‘रो’ हार्मोनियमच्या पांढरी दोनमध्ये वाजतो. त्याला षड्ज मानल्यास हे पाच स्वर सा, कोमल ग, म, प, कोमल नि असे लागतात, म्हणजे आपल्या कानाला थेट धानी रागच. मात्र सुमारे ७३ सेंटिमीटरच्या लांब बासरीवर तोच ‘रो’ खालच्या पांढरी सहावर जातो. अक्षर तेच राहते.

त्यानंतर सप्तकाची खूण पाहावी. ‘ओत्सु’ म्हणजे खालचे सप्तक, ‘कान’ म्हणजे वरचे, आणि एकदा आलेली खूण दुसरी येईपर्यंत लागू राहते.

खरी कसोटी ‘मेरी’ची. अक्षराशेजारी फुलीसारखे लहान ‘मे’ दिसले की हनुवटी खाली घेऊन स्वर उतरवायचा असतो. ‘त्सु-मेरी’साठी हनुवटी उतरवण्याबरोबरच खालचे भोक अर्धवट झाकावे लागते, आणि तो ‘रो’च्या जेमतेम अर्धा स्वर वर, म्हणजे कोमल रिषभावर यायला हवा. नवशिक्यांचा तो बहुधा चढाच राहतो, त्यामुळे ‘रो’ आणि ‘त्सु-मेरी’ आलटून पालटून वाजवून कानाने तपासावे.

लयीच्या खुणा परंपरेनुसार बदलतात. किन्को या दुसऱ्या वादनपरंपरेत ओळीच्या उजवीकडे व डावीकडे आळीपाळीने टिंबे असतात. ती हाताने ताल देत मोजावीत. नाकाओ तोझान यांनी १८९६ साली ओसाका येथे स्थापन केलेल्या तोझान परंपरेत मात्रांचे विभाग आडव्या रेघांनी पाडतात, आणि अक्षरालगतच्या उभ्या रेघा वाढल्या की कालावधी घटतो. फुके या झेन बौद्ध पंथाच्या भिक्षूंकडून आलेल्या ‘होन्क्योकू’ नावाच्या रचनांना मात्र ठरावीक ताल नसल्याने तिथे टिंबे मोजण्याचा हट्ट धरू नये. श्वास पुरेल तेवढाच एक स्वरसमूह वाजवावा.

बासरी ओठांना लावण्यापूर्वी संपूर्ण ओळ ‘रो, त्सु, रे’ अशी मोठ्याने म्हणावी. वाजवताना तेच अक्षर लागोपाठ दोनदा आले, तर जिभेने स्वर तोडू नये. एखाद्या भोकावर बोटाचा हलका ठोका देऊन दुसरा स्वर वेगळा करावा.