एका फाइलमध्ये दोन भाषा, एडिटरला सांगायचं कसं?

पायथनच्या स्ट्रिंगमध्ये (म्हणजे अवतरणचिन्हांतल्या मजकुरात) एचटीएमएल लिहिलं की सगळं एकाच रंगात दिसतं आणि एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी पत्ता लागत नाही, कारण एडिटरच्या लेखी तो नुसता मजकूर. जेटब्रेन्स कंपनीचा एडिटर (उदा. पायचार्म) असेल तर कर्सर स्ट्रिंगमध्ये ठेवून ऑल्ट-एंटर दाबा, इंजेक्ट लँग्वेजवाला पर्याय निवडा, झालं काम. मला मात्र स्ट्रिंगच्या वरच्या ओळीत कमेंट टाकणंच बरं वाटतं, म्हणजे हॅश, मग 'लँग्वेज', बरोबरचं चिन्ह आणि भाषेचं नाव (अर्थात टाइप इंग्रजीतच करायचं), कारण ती कमेंट फाइलसोबत गिटमध्ये (कोडमधले बदल नोंदवून टीमला देण्याचं साधन) जाते आणि टीममधल्या ज्यांच्याकडे तोच एडिटर आहे त्यांनाही रंग आपोआप दिसतात.

विम एडिटरवाल्यांनी मार्कडाउन फाइलमधल्या (साध्या खुणा वापरून लिहिलेला मजकूर) कोडच्या तुकड्यांना रंग यावेत म्हणून विमआरसी या सेटिंगच्या फाइलमध्ये मार्कडाउन फेन्स्ड लँग्वेजेस या ग्लोबल व्हेरिएबलला भाषांची यादी द्यायची. लागतात तेवढ्याच द्या हां, ढीगभर भरल्या तर फाइल उघडायला वेळ लागतो.

ईमॅक्स एडिटरच्या ऑर्ग मोडमध्ये (नोट्स आणि कोड एकत्र लिहायची सोय) तर मजाच आहे, कोड ब्लॉकमध्ये असताना कंट्रोल-सी आणि मग सिंगल कोट दाबलं की तेवढाच तुकडा वेगळ्या बफरमध्ये (म्हणजे एडिटिंगच्या वेगळ्या जागेत) उघडतो, त्या भाषेचं इंडेंटेशन वगैरे सगळं मिळतं, परत तेच दाबलं की कोड आपल्या जागी.